यादीतली धाकटी

बसथांब्यावर एका अनोळखी बाईनं मागून येऊन तिचा हात धरला आणि विचारलं, "तुम्ही धाकटी ना?"

ऑफिसात तिला मॅडम म्हणत, इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या. धाकटी हे घरातलं नाव. ते घेणारं घरात एकच माणूस उरलं होतं आणि ते जाऊन एकोणीस दिवस झाले होते. त्यामुळे ऑफिस सुटायच्या गर्दीत, हातात कोबीची पिशवी धरलेल्या परक्या बाईच्या तोंडून ते नाव ऐकल्यावर तिला आंघोळ करताना कोणी दार उघडावं तसं झालं. ती बाई मात्र फार जिव्हाळ्यानं बोलत होती. आपण चर्चमधल्या, बाईंच्या, म्हणजे तुमच्या ताईच्या, मागच्याच बाकावर बसणाऱ्या, दफनाच्या दिवशी भेटलो होतो, पण तुम्ही कुठल्या शुद्धीवर होतात, असं सगळं तिनं एका दमात सांगितलं. मग आवाज जरा खाली आणून विचारलं, "पोट कसं आहे आता?"

"बरं आहे," धाकटी म्हणाली. कोणी कसं आहे विचारलं की बरं आहे म्हणून मोकळं व्हायचं, हा तिचा जन्माचा नेम होता.

"बरं म्हणजे आपलं त्यातल्या त्यात. अठरा वर्षं म्हणजे थोडकी नाहीत हो. आम्ही एक रविवार चुकवला नाही बघा. बाई नाव वाचायच्या, धाकटी, पोट, की आम्ही सगळे प्रार्थनेला डोळे मिटायचो." बस आली. पिशवी सावरत चढता चढता ती बाई म्हणाली की येत्या रविवारी स्मरणाच्या उपासनेत बहीण पाच मिनिटं बोलणार आहे असं पाळकांनी सांगितलंय, सगळे वाट बघतायत. धाकटीचीही बस तीच होती. तिनं ती सोडली आणि चालायला लागली.

खरं सांगायचं तर धाकटीला पोट आहे हेच आजवर कधी कळलं नव्हतं. दगड खाल्ले तरी पचवेल अशी तिची प्रकृती. पाणीपुरवठा खात्याच्या नकाशा विभागात तिनं चौतीस वर्षं काढली होती आणि त्यात आजारपणाच्या रजा एकूण नऊ, त्याही बहुतेक दाढेच्या. चालता चालता तिला दफनाच्या दिवशीचे लोक आठवायला लागले. सगळ्यांनी दोन्ही हातांनी तिचा हात धरला होता आणि तब्येतीला जपा म्हटलं होतं. एका म्हाताऱ्यानं पाचकाची पुडी तिच्या मुठीत कोंबली होती. एका तरुण मुलीनं, खुर्चीवरून उठून, तुम्ही बसा, तुम्हाला उभं राहवणार नाही असं म्हटलं होतं. दुःखात माणसं काहीही करतात, तसं काही असेल म्हणून तिनं तेव्हा सोडून दिलं होतं. आता एकेकाचा अर्थ लागत गेला आणि तिला रस्त्यात घाम फुटला. म्हणजे अठरा वर्षं, दर आठवड्याला, जिला आपण ओळखतही नाही अशी शंभर माणसं आपल्या आतड्यांची काळजी करत होती. आणि ताईनं, आपल्या सख्ख्या बहिणीनं, आपलं असं जाहीर दुखणं करून ठेवलं होतं. घरी एका शब्दानं बोलली नव्हती. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मग त्यांनी तरी असं काही मागे ठेवून जाऊ नये. धाकटी चिडली. जिना चढताना ती इतकी चिडली होती की दुसऱ्या मजल्यावरच्या माणसानं नमस्कार केला तो तिला दिसलाच नाही.

घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. एक खोली ताईची, एक तिची, आणि मधलं दार जे बेचाळीस वर्षांत पावसानं फुगून कधी नीट लागलं नाही. टेबलावर चार दिवसांपासून एक कोरा कागद पडला होता. पाळकांनी फोनवर सांगितलं होतं, की बाईंच्या विद्यार्थ्यांपैकी कोणीही तासभर बोलेल, पण तुमच्याइतकं बाईंना ओळखतं कोण, तेव्हा पाच मिनिटं तुम्हीच बोला. धाकटीनं हो म्हटलं होतं, आणि त्यात विशेष काय असं तिला वाटलंही होतं. मग ती कागद घेऊन बसली. ताई पहाटे पाचला उठायची, असं तिनं लिहिलं. पुढे लिहिलं, ताईला गार पाणी चालत नसे. मग, ताईच्या पर्समध्ये खडूचे तुकडे असायचे, निवृत्त झाल्यावरसुद्धा. मग तिचं पेन थांबलं. ताईची टाच कुठे फुटायची, ती झोपेत कुठल्या कुशीवर वळायची, चष्मा कुठे विसरायची, हे सगळं तिला माहीत होतं. पण हे काही चर्चमध्ये उभं राहून सांगायचं नसतं. उरलं ते सगळ्यांनाच माहीत होतं. सदतीस वर्षं तिसरीचा वर्ग, लग्न नाही, आणि शाळा सुटली की चर्च. गीतांची पुस्तकं बाकांवर मांडायची, रविवारच्या शाळेत लहान मुलांना गोष्टी सांगायच्या, दवाखान्यात जाऊन कोण पडलंय ते बघायचं, आणि शनिवारी संध्याकाळी बसून आजाऱ्यांची यादी लिहायची. इतक्यांसाठी इतकं करून ताई घरी यायची तेव्हा तिच्यात दोन सुजलेले पाय तेवढे शिल्लक असायचे, आणि ते ती स्टुलावर ठेवून डोळे मिटायची. धाकटीच्या वाट्याला ते पाय आले. हे खरं होतं, पण हेही सांगायचं नसतं.

आई गेली त्या वर्षी धाकटी तिसरीत होती, ताईच्याच वर्गात. ताई तेव्हा तेवीस वर्षांची. म्हणजे सकाळी जिच्याकडून वेणी घालून घ्यायची तिलाच अर्ध्या तासानं बाई म्हणायचं. धाकटीला ते कधी जमलं नाही. एकदा मैदानात पडून तिचा गुडघा सोलवटला. रडत ती वर्गाच्या दाराशी आली आणि ताई म्हणून ओरडली. सगळा वर्ग हसला. ताई फळ्याकडून वळली, जवळ येऊन तिनं गुडघा पुसला, आणि हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, वर्गात बाई म्हणायचं. तिचं बरोबरच होतं, चाळीस पोरांसमोर तिनं दुसरं काय करायचं. पण त्या दिवशी घरी गेल्यावर धाकटीनं तिला मुद्दाम बाई म्हटलं. बाई, भूक लागली. बाई, माझी उशी कुठे आहे. असं आठवडाभर. ताईनं प्रत्येक वेळी ओ दिली. तिला ते लागलं, की वर्गाच्या सवयीनं तिच्या ध्यानातच आलं नाही, ते धाकटीला तेव्हा कळलं नाही आणि पुढे विचारायची वेळ आली नाही. एवढं मात्र तिनं मनाशी पक्कं केलं, की ही जेवढी माझी आहे तेवढीच त्या एकोणचाळिसांची आहे. पुढे ते एकोणचाळीस दरवर्षी बदलत गेले. तिचा हिस्सा तेवढाच राहिला.

चर्चला जाणं तिनं सोळाव्या वर्षी सोडलं. त्यात देवाशी भांडण वगैरे काही नव्हतं. आठवड्यातला एक दिवस तरी घर आपल्या एकटीचं असावं, कोणाच्या तरी धाकट्या बहिणीचं नसावं, एवढीच इच्छा. पण तसं सांगायची सोय नव्हती, कारण ताई रागावायची नाही. रागावली असती तर सोपं गेलं असतं. शनिवारी संध्याकाळी, दिवे लागले की ताई मधल्या दाराशी यायची आणि विचारायची, "उद्या येतेस?" आणि धाकटी काहीतरी सांगायची. डोकं दुखतंय. पाय मुरगळला. ऑफिसचं काम घरी आणलंय. ताई बरं म्हणायची आणि आपल्या खोलीत जाऊन टेबलाशी बसायची. एकदाही तिनं कपाळाला हात लावून बघितला नाही, मुरगळलेला पाय दाखव म्हटलं नाही. शाळेतही तिची तीच रीत होती, आणि त्यावरून मुख्याध्यापिका तिच्याशी भांडत. पोरं उशिरा यायची, गृहपाठ विसरायची, वाटेल ती कारणं सांगायची आणि बाई ती खरी मानायच्या. तुम्हाला कोणीही गंडवतं, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या की ताईचं उत्तर ठरलेलं होतं. गंडवलं तर गंडवलं, पण खरं सांगणाऱ्या एकाला मी खोटं ठरवलं तर त्यानं कुठे जायचं. ही गोष्ट ताई घरी हसून सांगायची. धाकटीला त्यात एवढंच दिसायचं, की तपासून बघण्याइतकी मी हिला महत्त्वाची नाही.

आणि मग ते गुरुवार. कागदासमोर बसल्यावर ते येणारच हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती उठून भांडी घासायला गेली. तरी ते यायचे ते आलेच. अठरा वर्षांपूर्वी, ती चाळीसची असताना, नकाशा विभागात एक सर्व्हेअर यायचा. दिवसभर उन्हात फिरून पाइप कुठून कुठे गेलाय ते मोजायचा आणि त्याची वही तिच्याकडे द्यायचा. ती त्यावरून नकाशावर निळी रेघ ओढायची. त्याचं अक्षर इतकं गचाळ, की वाचून घ्यायला त्याला बोलवावं लागे. दोन-तीनदा बोलवल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपल्याला ते अक्षर आता वाचता येतं आणि तरी आपण बोलवतो. मग गुरुवारी संध्याकाळी ते तलावाच्या बांधावरून चालायला लागले. फार काही बोलत नसत. तो चढ-उतार पायाला कसा कळतो ते सांगायचा, डोळे मिटून चाल म्हणायचा, आणि ती खरंच डोळे मिटून त्याच्या बाजूनं चालायची. असे अकरा गुरुवार. ताईला काय सांगायचं? तिनं सांगितलं, पोट दुखतं, गुरुवारी डॉक्टरकडे जावं लागतं. ताईनं कुठला डॉक्टर, काय म्हणाला, कसली गोळी, एक अक्षर विचारलं नाही. आनंदात असतानाही धाकटीला ते खुपलं होतं. पोट दुखणाऱ्या बहिणीची ही चौकशी!

बाराव्या गुरुवारी त्यानं सांगितलं की त्याची बदली झाली आहे, लांब, दुसऱ्या शहरात. मग बांधाच्या टोकाशी थांबून विचारलं, "येणार का?" ती म्हणाली, ताई एकटी पडेल. तो एकदाच विचारणाऱ्यांपैकी होता. त्यानं मान हलवली आणि ते परत फिरले. घरी आली तेव्हा ताई वह्या तपासत होती, तिच्यासाठी जेवण झाकून ठेवलं होतं, मऊ, बेचव. धाकटीनं ताटाकडे बघितलं आणि मनात म्हणाली, तुझ्यासाठी मी हे केलं, आणि तुला त्याचा पत्ताही नाही. हे वाक्य तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण ते तिनं टाकूनही दिलं नाही. गेली अठरा वर्षं ते घरात तिसऱ्या माणसासारखं राहत होतं. ताईला पाणी देताना, तिचे कपडे वाळत घालताना, शेवटी दवाखान्यात तिच्या उशाशी बसलेली असतानासुद्धा. मंगळवारी ताईची जीभ जड झाली आणि गुरुवारी ती गेली. मधल्या बुधवारी तिची नजर बराच वेळ धाकटीवर होती. काहीतरी विचारायचं असल्यासारखी. धाकटी म्हणाली, मी बरी आहे, तू झोप.

शनिवारी दुपारी ती चर्चमध्ये गेली, ती आपलं नाव काढायला. रविवारच्या भाषणाचं काय व्हायचं ते होवो, आधी हे पोट बंद झालं पाहिजे. वेदीमागच्या छोट्या खोलीत आता यादीचं काम एका निवृत्त कंपाउंडरकडे आलं होतं. हा तोच पाचकाची पुडी देणारा म्हातारा. त्यानं तिला बघून खुर्ची पुढे ओढली, पंखा कमी केला, वाऱ्यानं पोटात कळ येते म्हणून. धाकटीनं काम सांगितलं. त्याला फार आनंद झाला. पण नाव असं काढता यायचं नाही म्हणाला, बाईंचाच नियम आहे. फार पूर्वी एका गृहस्थांचं नाव त्यांच्या सुनेच्या सांगण्यावरून बरे झाले म्हणून काढलं आणि ते चौथ्या दिवशी गेले. तेव्हापासून ज्याचं त्यानं यायचं, रविवारी सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि मी बरा आहे म्हणायचं. तोवर नाव राहतं. "उद्या तुम्ही बोलणारच आहात, तेव्हाच सांगून टाका की," तो म्हणाला, "मंडळींना किती बरं वाटेल." मग त्याला काय आठवलं कोण जाणे, तो हसायला लागला. म्हणाला की आता बाई असत्या तर घरी तिखट खाता आलं असतं त्यांना. इथल्या जेवणात बाई मिरच्या अशा मागून मागून घ्यायच्या, आणि आम्ही चिडवलं की म्हणायच्या, घरी मी सोडलंय, धाकटीला सोसत नाही, तिच्यासमोर मी कशी खाऊ.

अठरा वर्षं धाकटी ते बेचव जेवण जेवली होती. म्हातारपणी ताईच्या हाताची चव गेली असं ऑफिसात मैत्रिणींना सांगत होती. तिनं यादीच्या जुन्या वह्या बघायला मागितल्या. कंपाउंडरनं कपाट उघडून दिलं. तिसरीच्या पोरांच्या असतात तशाच दुरेघी वह्या, समास आखलेल्या, आणि ताईचं ते फळ्यावरचं गोल अक्षर. तारीख, नाव, कारण. धाकटीनं अठरा वर्षांपूर्वीची वही काढली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

धाकटी, पोट, गुरुवारी डॉक्टर. धाकटी, पोट, गुरुवारी डॉक्टर. असे अकरा आठवडे. मध्ये इतरांचे ताप आले आणि गेले, कोणाचं बाळंतपण झालं, कोणाची नोकरी गेली आणि पुन्हा मिळाली, पण हिचं पोट जागचं हललं नाही. ती तलावाच्या बांधावर डोळे मिटून चालत होती, आणि त्याच आठवड्यांच्या रविवारी शंभर माणसं डोळे मिटून ती बरी व्हावी म्हणून मागत होती. तिला हसू आलं, मोठ्यानं आलं असतं. मग तिनं पान उलटलं. बाराव्या आठवड्यात ताईनं लिहिलं होतं, धाकटी, डॉक्टर बंद झाला, पोटाला आराम, देवाचे आभार. आभारच्या खाली रेघ. त्याच्या पुढच्या आठवड्यात, धाकटी, जेवत नाही, पोट पुन्हा. आणि पुढे पोटाबरोबर बाकीचंही सुरू झालं होतं. डोकं. पाय मुरगळला. ऑफिसात काम फार. मैत्रिणीची आई आजारी. झोप झाली नाही. एकेक ओळ वाचताना ते शनिवार तिच्यासमोर येत गेले. ते दार, ती ताई, ते आपण तोंडाला येईल ते फेकलेलं. तिनं फेकलेलं प्रत्येक कारण ताईनं आत नेऊन, टेबलाशी बसून, गोल अक्षरात उतरवून घेतलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शंभर माणसांसमोर देवापुढे ठेवलं होतं. ज्या मैत्रिणीला आईच नव्हती तिच्या आईसाठी प्रार्थना झाली होती. एका शनिवारी धाकटी वैतागून म्हणाली होती, मला यायचं नाही, एवढंच, पुन्हा विचारू नकोस. ती तारीख तिला आठवत नव्हती पण ओळ सापडली. धाकटी, आज कारण नाही. आणि पुढच्या शनिवारी ताईनं पुन्हा विचारलेलं होतं, कारण तिथे होतं, धाकटी, दाढ.

खिडकीबाहेर कोणीतरी अंगण झाडत होतं. धाकटीला वाटलं होतं की ताईनं आपल्याकडे कधी बघितलं नाही. ताईनं बघितलं होतं, अठरा वर्षं, एक आठवडा न चुकता. पण तिला बघायला आपण दिलं काय? एक पोट दिलं. खरी बाई बांधावर होती आणि घरी ताईच्या हाती एक खोटी बहीण ठेवून दिली होती. तिला ताई मऊ जेवण घालत राहिली, तिच्यासाठी तिखट सोडून बसली. आणि आपण ज्या ताईसाठी न जाता राहिलो, तिलाही आपण ते कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर कदाचित म्हणाली असती, जा. ताई सहज म्हणाली असती. धाकटीनं वही मिटली. तिला फार मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण कंपाउंडर तिथेच होता आणि त्यानं लगेच विचारलं असतं, कळ आली का?

रविवारी चर्च भरलं होतं. पुढच्या बाकावर म्हाताऱ्या मुख्याध्यापिका काठी धरून बसल्या होत्या. मागे बाईंच्या हाताखालून गेलेले सदतीस वर्षांतले विद्यार्थी, काही टक्कल पडलेले, काही कडेवर पोर घेतलेले. यादी वाचली गेली. धाकटी, पोट, असं आलं तेव्हा तिनं पहिल्यांदाच ते ऐकलं, ती शांतता, आणि इतक्या डोक्यांचं एकदम खाली वाकणं. मग पाळकांनी तिला पुढे बोलावलं. तिच्या हातात तो कागद होता, त्यावर पहाटे पाच, गार पाणी आणि खडू. ती समोर बघत उभी राहिली. आपल्याला बोलता येणार नाही हे तिला कळत होतं, आणि तरी ती बोलायला लागली.

"माझं पोट कधी दुखलंच नाही," ती म्हणाली. "ताईला मी खोटं सांगत होते. गुरुवारी मी डॉक्टरकडे जात नव्हते. एका माणसाबरोबर फिरायला जात होते. तो गेला त्या रविवारी तुम्ही देवाचे आभार मानलेत." तिनं हातातला कागद दुमडला. "त्यानंतर मी जे जे सांगितलं तेही खोटंच होतं. मला रविवारी घरी बसायचं होतं. तुम्हाला सगळ्यांना उगीच त्रास झाला. माझं नाव काढा. ताईबद्दल मला एवढंच सांगता येतंय, की मी जे सांगितलं ते तिनं खरं मानलं."

कोबीवाली बाई तोंडावर हात ठेवून बसली होती. मग मागून एक दांडगा, दाढीवाला माणूस उठला, बस चालवणारा. त्याच्या अंगात गणवेश होता, कामावरून मध्येच आला असावा. तिसरीत असताना माझी आजी तीनदा वारली, असं तो म्हणाला. तिसऱ्या वेळी बाई भेटायला घरी आल्या आणि आजीनंच दार उघडलं. बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, बरं वाटतंय ना आता? आणि दुसऱ्या दिवशी वर्गात एक शब्द काढला नाही. कोणीतरी हसलं. मग एक पोक्त बाई बसल्या जागेवरून म्हणाली, की तिची वही वर्षभर बंबात जळत होती, आणि घरात बंबच नव्हता. कोणाच्या भावाला कुत्रा चावला होता, दर सोमवारी. एकानं वडील तुरुंगात आहेत असं सांगितलं होतं. ते वडील इथे शेजारीच बसले होते आणि त्यांना हे आज कळत होतं. हसता हसता माणसं डोळे पुसायला लागली, आणि एकमेकांच्या अंगावरून, आधी मी सांगतो म्हणून, हात वर करायला लागली. धाकटी पुढे एकटी उभी होती. आपली खोटी कारणं निदान आपल्या एकटीची आहेत असं तिला कालपासून वाटत होतं. तीही आता सगळ्या वर्गाची झाली.

"पण बाईंना कळत होतं," बसचालक म्हणाला. "दारात आजी बघितल्यावर कळणार नाही होय?"

"त्यांना सगळं कळायचं," मुख्याध्यापिका काठी आपटून म्हणाल्या. "त्या दाखवायच्या नाहीत."

कंपाउंडरला हे पटलं नाही. कळत असतं तर बाईंनी आपलं तिखट सोडलं असतं का, असं त्यानं विचारलं. जाणूनबुजून कोणी अठरा वर्षं बेचव खात नाही. बाई भोळ्या होत्या, आणि भोळ्या होत्या म्हणूनच मोठ्या होत्या. भोळ्या म्हणजे काय, मूर्ख होत्या का, असं कोणीतरी मागून विचारलं. मग अर्धं चर्च एका बाजूला आणि अर्धं दुसऱ्या बाजूला झालं. कळत होतं, नव्हतं, असं बराच वेळ चाललं, आणि हळूहळू बोलणं थांबत गेलं. कारण एकेकाच्या लक्षात आलं, की हे ज्या एका माणसाला माहीत असणार ते समोरच उभं आहे. आणि सगळे तिच्याकडे बघायला लागले. शंभर-सव्वाशे माणसं, तिसरीतल्या मुलांनी उत्तरासाठी फळ्याकडे बघावं तशी.

धाकटीला बुधवारची ती नजर आठवली. ती नजर कितीतरी वेळ आपल्यावर होती, आणि तेव्हाही आपण काय म्हणालो ते आठवलं. तिनं तोंड उघडलं. हो म्हणावं असं तिला फार वाटलं, आणि नाही म्हणावं असंही वाटलं. दोन्हीपैकी काहीही म्हटलं असतं तरी त्यांनी खरं मानलं असतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "आम्ही एका घरात राहत होतो. मला माहीत नाही."